शब्दांची शिदोरी

रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यातील आंबडवे हे बाबासाहेबांचे मूळ गाव आपणांस ठाऊक आहेच. त्यांचे वडील सुभेदार रामजी कबीरपंथी होते. लष्करातून निवृत्त झाल्यावर ते काही काळ दापोलीस राहिले. घरात कबीरांचे दोहे व संतांचे अभंग नित्य म्हटले जात आणि मुलांनाही ते म्हणावे लागत.

तो संस्कार पुढे बाबासाहेबांच्या लेखणीत उतरला. ३१ जानेवारी १९२० रोजी त्यांनी पाक्षिक काढले. मुक्याला जगात कोणी विचारीत नाही, मग भीड कशाला धरावी, अशा आशयाचा तुकारामांचा अभंग शिरोभागी छापला आणि नाव ठेवले 'मूकनायक'. हा शब्द उलगडून पाहा. मुक्यांचा नायक हा एक अर्थ. स्वतःच मुका असलेला नायक हा दुसरा. आणि संपादक म्हणून नाव होते पांडुरंग भटकर यांचे!

३ एप्रिल १९२७ रोजी 'बहिष्कृत भारत' निघाले. त्यावर ज्ञानेश्वरीतील ओव्या होत्या. ४ फेब्रुवारी १९५६ रोजी 'जनता' पत्राचे 'प्रबुद्ध भारत' झाले. भारत तोच, विशेषण तेवढे पालटले. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपुरास धम्मदीक्षा झाली.

वाचकहो, आपण जुने देव सोडले. पण मुलांना जवळ बसवून म्हणून घेण्याची रामजींची रीत सोडू नका. वंदनेनंतर एखादे भीमगीत म्हणा, त्यातील शब्दांचे अर्थ मुलांना विचारा. मुका ठेवलेला समाज असाच बोलू लागतो.