शाहीर अमर शेख

भिवंडीच्या यंत्रमागांवर पोटासाठी राबणारे पुष्कळ लोक आमच्या वाचकांच्या परिचयाचे असतील. मागांच्या खडखडाटात शेजारच्या मनुष्याचे बोलणेही ऐकू येत नाही; मग त्या मजुराचे गाऱ्हाणे दूरच्यांच्या कानी कसे पडावे? अशा श्रमिकांचे गाऱ्हाणे ज्यांनी आपल्या पहाडी आवाजाने उभ्या महाराष्ट्रास ऐकविले, त्या शाहीर अमर शेख ह्यांचे चरित्र स्मरणात ठेवण्याजोगे आहे.

त्यांचा जन्म सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे २० ऑक्टोबर १९१६ रोजी एका गरीब मुसलमान कुटुंबात झाला. त्यांचे मूळ नाव मेहबूब. आई मुनेरबी हिच्याकडून त्यांस मराठी लोकगीतांचा वारसा लाभला. घरच्या दारिद्र्यामुळे त्यांनी मोटारीवर क्लीनरचे व गिरणीत मजुराचे काम केले. कामगारांच्या लढ्यात ते पुढे झाले. विसापूरच्या तुरुंगात असता साम्यवादी विचारांशी त्यांचा परिचय झाला. पुढे कोल्हापुरास मास्टर विनायक ह्यांच्या चित्रसंस्थेत असताना त्यांस अमर शेख हे नाव मिळाले.

१९४४ साली अण्णाभाऊ साठे व द. ना. गव्हाणकर ह्यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. अण्णाभाऊ मांग जातीत जन्मलेले, अमर शेख मुसलमान. परंतु एकाच डफाच्या तालावर दोघांनी उपाशी शेतकरी व गिरणी कामगार ह्यांच्या हक्कांसाठी गावोगाव गाणी गाइली. मराठी भाषकांचे राज्य व्हावे म्हणून संयुक्त महाराष्ट्राचा लढा पेटला, तेव्हा त्यांच्या गाण्यांनी मोठमोठ्या सभा जागविल्या. १ मे १९६० रोजी ते राज्य स्थापन झाले. 'प्रपंच' ह्या चित्रपटात त्यांनी भूमिका केली, तथापि त्यांची खरी रंगभूमी म्हणजे लोकांची उघडी सभाच होय.

१८ जुलै १९६९ रोजी अण्णाभाऊ निवर्तले, आणि सहा आठवड्यांनी, २९ ऑगस्ट रोजी, अपघातात अमर शेखही गेले. त्यास वर्षही लोटले नव्हते तोच मे १९७० मध्ये भिवंडीत हिंदू-मुसलमानांची भीषण दंगल झाली. ज्या श्रमिकांस एकत्र आणण्यात शाहिरांनी आपला कंठ झिजविला, त्यांचीच घरे तेथे जळाली. गाण्याने दंगल विझत नाही, हे खरे; पण एका मुसलमान मातेच्या मराठी ओव्यांतून महाराष्ट्राचा शाहीर घडला, ही गोष्ट ज्या गावात मुलांना सांगितली जाते, त्या गावात शेजाऱ्यावर हात उचलणे थोडे तरी अवघड होईल.