मुलांच्या हृदयाची डॉक्टरीण : हेलन टॉसिग

आईच्या पोटात असेतो मूल स्वतः श्वास घेत नाही. त्याला लागणारा प्राणवायू नाळेतून, आईच्या रक्तातून मिळतो. फुप्फुसांना तेव्हा काम नसते, म्हणून तिकडे निघालेले बहुतेक रक्त एका आखूड नळीतून परस्पर अंगातल्या मोठ्या धमनीत जाते. मूल जन्मले, टाहो फोडला, की दोन-तीन दिवसांत ही नळी आपोआप मिटते. काही लेकरांची मात्र मिटत नाही; दिवस भरण्याआधी जन्मलेल्यांत हे विशेष. माझ्या धाकट्या बहिणीच्या लेकीची मिटली नव्हती.

दूध पिताना पोरीच्या कपाळावर घाम येई, चार घोट घेतले की धाप लागे, आणि अंग म्हणून धरीना. आम्ही घरातल्या बायकांनी मीठ-मोहऱ्या उतरविल्या, गंडा बांधला, शेवटी बहिणीच्या दुधालाच नावे ठेविली. यात तीन महिने गेले. ते गेले ते आमच्यामुळेच, हे आज लिहिताना हात अडखळतो. पुढे अंगणवाडीत तपासणीला आलेल्या डॉक्टरांनी तिच्या छातीत पिठाच्या गिरणीसारखी अखंड घरघर ऐकली आणि मोठ्या शहरात पाठविले. तेथे मांडीच्या शिरेतून बारीक तार नेऊन ती नळी आतूनच बूच बसविल्यासारखी बंद केली. छाती कापावी लागली नाही. तेथल्या डॉक्टरीणबाईंच्या तोंडी मी हेलन टॉसिग हे नाव प्रथम ऐकले व वहीत लिहून घेतले. त्यानंतर मिळेल ते वाचले, तेच भगिनींपुढे ठेवते.

टॉसिगबाईंचा जन्म २४ मे १८९८ रोजी अमेरिकेत केंब्रिज या गावी झाला. वडील हार्वर्ड विद्यापीठात अर्थशास्त्राचे नामांकित प्राध्यापक. हेलन अकरा वर्षांची असताना आई क्षयाने गेली. मुलीला अक्षरे उलटसुलट दिसत, वाचन जमेना. पण वडिलांनी न रागावता रोज जवळ बसवून शिकविले. मास्तरांनी ढ म्हणून सोडून दिलेली पोरे आपणही पाहतो, म्हणून ही गोष्ट मला मोठी वाटते.

डॉक्टर व्हायचे ठरविले तर हार्वर्ड बायकांना वैद्यकीची पदवी देईना. एका वर्गात बसू दिले, तेही कोपऱ्यात, पुरुष विद्यार्थ्यांशी न बोलण्याच्या अटीवर. आपल्या आनंदीबाई जोशी १८८६ मध्येच त्याच देशातून डॉक्टर झाल्या होत्या, पण त्या बायकांच्या निराळ्या कॉलेजातून. हार्वर्डच्या वैद्यक शाळेने बायकांना घेतले ते १९४५ मध्ये! टॉसिगबाई मग बोस्टन विद्यापीठात गेल्या. तेथल्या प्रमुखांनी त्यांच्या हाती बैलाचे हृदय दिले आणि अभ्यासाला बसविले. तेथून त्यांचे हृदयाशी नाते जडले. १९२७ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधून त्या डॉक्टर झाल्या आणि १९३० पासून तेथील मुलांच्या हृदयविभागाच्या प्रमुख झाल्या.

याच सुमारास त्यांना ऐकू येणे कमी होत गेले. हृदयाच्या डॉक्टरने ऐकायचे नाही तर करायचे काय? बाईंनी बोटे कामाला लाविली. लेकराच्या छातीवर हात ठेवून त्या ठोके व थरथर ओळखू लागल्या.

त्यांच्याकडे निळी पडलेली मुले येत. हृदयातील दोषामुळे फुप्फुसांकडे रक्त पुरेसे जात नसल्याने ओठ, नखे निळी होत; दोन पावले चालली की मुले उकिडवी बसत. त्यांत बाईंना एक गोष्ट दिसली. अशा मुलाची ती जन्माआधीची नळी उघडी असेतो ते तग धरते, आणि मिटली की खालावते. माझ्या भाचीला जी नळी जाच झाली, तीच या लेकरांचा आधार होती. १९३८ मध्ये बोस्टनच्या डॉ. रॉबर्ट ग्रॉस यांनी उघडी राहिलेली नळी बांधून बंद करण्याची शस्त्रक्रिया यशस्वी केली होती. नळी बंद करता येते तर नवी तयार का करता येऊ नये, असे बाईंच्या मनात आले. त्या ग्रॉस यांच्याकडे गेल्या. त्यांनी मनावर घेतले नाही.

१९४१ मध्ये डॉ. आल्फ्रेड ब्लेलॉक हॉपकिन्समध्ये आले. त्यांच्याबरोबर व्हिव्हियन थॉमस हे कृष्णवर्णीय साहाय्यक होते, मूळचे सुतारकाम करणारे. थॉमस यांनी सुमारे दोनशे कुत्र्यांवर प्रयोग करून हाताकडे जाणारी रक्तवाहिनी फुप्फुसाच्या वाहिनीला जोडण्याची रीत बसविली. त्यांतली ॲना नावाची कुत्री पुष्कळ दिवस जगली. तिचे चित्र तेथे लावलेले आहे. २९ नोव्हेंबर १९४४ रोजी पंधरा महिन्यांच्या, जेमतेम ४ किलो वजनाच्या मुलीवर ही शस्त्रक्रिया झाली. ब्लेलॉक यांच्या मागे पायरीवर उभे राहून थॉमस टाके कसे घालावेत ते सांगत होते. ती मुलगी काही महिन्यांनी वारली. पण तिसऱ्या मुलाचे ओठ शस्त्रक्रियेच्या टेबलावरच गुलाबी झाले आणि देशोदेशींचे आईबाप बाल्टिमोरला येऊ लागले. थॉमस यांचे नाव मात्र पहिल्या लेखात नव्हते. हे मला बरे वाटले नाही.

आज औषधांनीही हे साधते. अपुऱ्या दिवसांच्या बाळाची नळी मिटविण्याचे औषध आहे, तसेच निळ्या बाळाची नळी उघडी ठेवण्याचेही. कुत्र्यांच्या पिल्लांतही हा दोष पुष्कळदा आढळतो, आणि पशुवैद्य ती नळी तारेने किंवा बांधून बंद करतात. ज्यांच्यावर शिकलो त्यांच्याही उपयोगी पडलो, इतके तरी झाले.

१९६२ मध्ये थॅलिडोमाइड या गोळीने युरोपात हातापायांविना मुले जन्मत आहेत हे कळताच बाई जर्मनीला जाऊन स्वतः पाहून आल्या व अमेरिकेच्या कायदेमंडळापुढे साक्ष दिली. १९६४ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या हस्ते त्यांना स्वातंत्र्यपदक मिळाले. पूर्ण प्राध्यापकपद मात्र १९५९ पर्यंत मिळाले नव्हते.

त्यांनी लग्न केले नाही. बरी झालेली मुले मोठी होऊन आपापल्या लेकरांसह भेटायला येत. म्हातारपणी त्यांनी पाखरांची हृदये तपासायला घेतली. माणसांत दिसतात तसे दोष पाखरांतही का होतात, हे त्यांना पाहायचे होते. २० मे १९८६ रोजी, ८८ वा वाढदिवस चार दिवसांवर असताना, मतदानाच्या दिवशी मैत्रिणींना मोटारीतून नेत असता अपघातात त्या गेल्या. पाखरांचे काम अर्धेच राहिले.