पहिला नांगर खपायला दोन वर्षे

आमच्या घरात गेला महिनाभर धुसफूस चालू आहे. मुलगी मेकॅनिकल इंजिनिअर झाली, कारखान्यातली नोकरी चालून आली, आणि आता तिला प्रॉडक्ट मॅनेजमेंट आणि डिझाइनमध्ये जायचे आहे. म्हणजे काय, तर वस्तू कोणासाठी करायची, त्या माणसाची अडचण नेमकी कोणती, वस्तू कशी असली म्हणजे ती त्याच्या हाताला बसेल, हे ठरवायचे. मी तीस वर्षे वर्कशॉपमध्ये काढलेला माणूस. हाताला ग्रीस लागले नाही तर ते इंजिनिअरिंग कसले, असे मी बोलून गेलो. ती भरल्या ताटावरून उठून गेली.

त्या रात्री झोप येईना. पडल्या पडल्या गावाकडचा गोठा आठवला. तिथे भिंतीला टेकवलेला एक जुना लोखंडी नांगर असे. आजोबा दसऱ्याला त्याला हळदकुंकू लावायचे. नांगर किर्लोस्करांचा. आणि मग लक्ष्मणराव किर्लोस्करांचे सारे आयुष्य डोळ्यांपुढून सरकू लागले.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ चा, बेळगावजवळच्या गुर्लहोसूरचा. वडील वेदान्ताचे अभ्यासक. मुलाचे लक्ष मात्र पोथीपेक्षा चित्रात. वडीलबंधू रामुअण्णांच्या आधाराने १८८५ मध्ये तो मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाला. दोन वर्षांनी कळले, की काही रंग त्याच्या डोळ्यांना नीट ओळखूच येत नाहीत. चित्रकार होऊ पाहणाऱ्या तरुणाला याहून मोठा धक्का कोणता? पण यंत्राच्या ड्रॉइंगला रंग लागत नाहीत, लागते ती रेषा. ती त्यांच्या हातात होती. त्या बळावर ते मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. इंजिनिअरिंगची पदवी त्यांच्यापाशी कधीच नव्हती. यंत्रांची ओळख त्यांनी पुस्तकांतून, अमेरिकन मासिकांतून आणि प्रत्यक्ष यंत्रे हाताळून करून घेतली.

याच काळात त्यांनी मुंबईहून बेळगावला रामुअण्णांकडे सायकली पाठवायला सुरुवात केली. रामुअण्णा त्या विकत आणि गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवत. ज्याला सायकलवर बसताच येत नाही, तो ती विकत कशाला घेईल? वस्तूबरोबर ती वापरण्याची विद्याही द्यावी लागते, हा धडा किर्लोस्कर बंधूंना इथेच मिळाला.

पुढे नोकरीत बढती डावलली गेली, तेव्हा लक्ष्मणराव राजीनामा देऊन बेळगावला आले. छोटा कारखाना काढला आणि कडबा कापायचे यंत्र केले. अख्खा कडबा टाकला की गुरे निम्मा तुडवून वाया घालवतात. तोच बारीक करून दिला की तेवढ्याच वैरणीत जास्त दिवस निघतात. दुष्काळाचे चटके सोसलेल्या मुलखात या यंत्राचे मोल वेगळे सांगावे लागत नव्हते.

मग लोखंडी नांगर आला, १९०३ च्या सुमारास. लाकडी नांगर जमीन वरवर उकरतो. लोखंडी नांगर खोल जाऊन ढेकूळ उलटे पाडतो, हरळीच्या मुळ्या उघड्यावर आणतो. वस्तू चांगली होती, पण खपेना. लोखंडाने जमिनीत विष कालवले जाते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर विकायला दोन वर्षे गेली.

या दोन वर्षांपाशी मी थबकलो. माझ्यासारखा कारागीर म्हणाला असता, माझा माल उत्तम आहे, लोकच अडाणी आहेत. पण शेतकऱ्याच्या जागी उभे राहून पाहा. त्याला वर्षात एकच पेरणी. नवे अवजार फसले तर घरातली चूल विझणार. त्याची भीती चुकीच्या कारणाची असेल, पण खोटी नव्हती. लक्ष्मणरावांनी नांगर सोडला नाही आणि शेतकऱ्यालाही सोडले नाही. नांगर रानात चालताना दिसला, उलटलेल्या जमिनीत पीक दिसले, तशी ती समजूत विरत गेली.

कारखाना मार्गी लागतो आहे तोच बेळगावच्या नगरपालिकेला ती जागा नव्या वस्तीसाठी हवी झाली. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. कुंडल रोड स्टेशनजवळ बत्तीस एकर जमीन आणि दहा हजार रुपये बिनव्याजी मिळाले. जमीन कसली, निवडुंग आणि साप यांचे ते रान. तिथे १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेना, तेव्हा शाहू महाराजांनी जुन्या तोफा दिल्या आणि तोफांचे नांगर झाले! मागून उसाचे चरक, शेंगा फोडायची यंत्रे, पंप आले. १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केले. कारखान्याचे हे पत्रक पुढे घराघरांत वाचले जाणारे मासिक झाले.

हे सारे एकट्या लक्ष्मणरावांचे नव्हे. व्यवहार रामुअण्णांनी सांभाळला, लोकांशी बोलण्याची बाजू शंकररावांनी, आणि शंभोराव जांभेकरांसारखे सहकारी वाडीत राबले. १९२६ मध्ये मुलगा शंतनुराव अमेरिकेतील एमआयटीची इंजिनिअरिंगची पदवी घेऊन परतला. स्वतःला पदवी नसलेल्या बापाने पदवीचे मोल ओळखले होते. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव गेले, तेव्हा इंजिने आणि मोटारी बनवणारे किर्लोस्करांचे कारखाने पुणे-बंगलोरपर्यंत पोचले होते.

मी स्वतःलाच विचारले, लक्ष्मणराव कारखान्यातले की शेतातले? सायकल शिकवून विकायची, गुरांपुढचा कडबा पाहून यंत्र काढायचे, नांगरासाठी दोन वर्षे वाट पाहायची, हे इंजिनिअरिंग नाही असे कोण म्हणेल? पण भट्टीपाशीही ते उभे राहिले होते, हेही तितकेच खरे.

सकाळी मुलीला मी दोन्ही गोष्टी सांगितल्या. माझे चुकले, हेही सांगितले. पत्र कोणाला पाठवायचे ते तिने ठरवावे, फक्त वस्तू वापरणाऱ्याच्या दारात आणि ती घडवणाऱ्याच्या भट्टीपाशी, दोन्हीकडे जावे, एवढेच माझे मागणे. ती हसली नाही, पण चहाला समोर येऊन बसली.

आता दसऱ्याला आम्ही दोघे गावी जाणार आहोत. तिला तो नांगर पाहायचा आहे. आजोबांनी तो कोणाच्या रानात चालताना पाहिला, कोणाच्या शब्दावर विश्वास ठेवून घेतला, असे तिने मला विचारले. इतकी वर्षे मी त्या नांगराचे लोखंड पाहत आलो. हा प्रश्न मला कधी सुचलाच नव्हता.