दादा कोंडके : सोंगाड्याची परंपरा आणि लोकप्रियतेचे कोडे

दादा कोंडके यांच्या चित्रपटांविषयी शिष्टसंमत समीक्षेने आपला निर्णय फार लवकर देऊन टाकला. द्व्यर्थी संवाद, सूचक शीर्षके, बेताचे कथानक. एवढ्यात प्रश्न निकाली निघाला. प्रेक्षकाने तो निकाल कधीच मानला नाही.

कृष्णा कोंडके यांचा जन्म १९३२ साली मुंबईतील नायगाव येथे गिरणी कामगाराच्या घरी झाला. मूळ गाव भोरकडील इंगवली. गावाची आणि गिरणगावाची अशा दोन्ही बोली त्यांना घरातच लाभल्या. पुढे त्यांना मिळालेला प्रेक्षकही याच दोन ठिकाणांमध्ये ये-जा करणारा होता. 'अपना बाजार'मधील नोकरी, बँडपथक, सेवा दलाचे कलापथक या वाटेने ते वसंत सबनीसांच्या 'विच्छा माझी पुरी करा'मधील हवालदारापर्यंत पोहोचले. १९६५ साली रंगभूमीवर आलेल्या या लोकनाट्याने तमाशातील वग पांढरपेशा प्रेक्षकापुढे नेला आणि दादांच्या हजरजबाबी बतावणीने त्याच्या संहितेत सतत भर घातली. ज्या प्रकारात लिखित संहिता दुय्यम असते, तो छापील संहितेच्या निकषांनी मोजण्याची खोड आपल्या समीक्षेला जुनीच आहे.

भालजी पेंढारकरांच्या 'तांबडी माती'तून (१९६९) ते पडद्यावर आले. १९७१ च्या 'सोंगाड्या'ची निर्मिती त्यांनी स्वतः केली. कथा सबनीसांची, दिग्दर्शन गोविंद कुलकर्णी यांचे. दादरच्या 'कोहिनूर'मध्ये हिंदी चित्रपटापायी त्याला जागा नाकारली जात असताना शिवसेना त्याच्या पाठीशी उभी राहिली. तथापि या आधाराने चित्रपटाला पडदा मिळाला. आठवड्यामागून आठवडे प्रेक्षक मिळाला तो नाम्यामुळे. ढगळ अर्धी विजार, लोंबती नाडी, आईच्या धाकातला, तमाशाच्या नादी लागलेला हा भोळा तरुण दादांनी पुढे नावे बदलून वर्षानुवर्षे वागवला.

खरे कोडे येथेच आहे. केवळ चावटपणावर लोक लुब्ध झाले असे मानावे, तर तोच मसाला वापरणाऱ्या अनुकरणकर्त्यांना ते यश का लाभले नाही? दादांचा नायक द्व्यर्थी वाक्य उच्चारतो तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर दुसऱ्या अर्थाची जाणीव नसते. तो अर्थ प्रेक्षक पुरवतो, आणि हसताना आपणच पकडले गेलो हे त्याला कळते. वगातील सोंगाड्याची हीच युक्ती. तोही अज्ञानाचे सोंग घेऊन राजाला आणि कोतवालाला उघडे पाडतो. 'पांडू हवालदार'मध्ये (१९७५), दिग्दर्शक म्हणून त्यांच्या पहिल्याच चित्रपटात, हे सोंग पोलिसी गणवेशात वावरते आणि लाचखोरीवरील टीका सहज पचते. शिवाय रत्नमालाबाईंनी रंगवलेली 'आये' या नायकाला घरंदाजपणाच्या चौकटीत धरून ठेवते. स्त्रियांनीही हे चित्रपट पाहिले, याचा काही उलगडा त्यात असावा.

त्यांचे नऊ चित्रपट रौप्यमहोत्सवी ठरले व त्याची नोंद गिनीज बुकात झाली. उत्तरकाळात मात्र ही युक्ती झिजली. भोळेपणाला सराईतपणाची कळा आली, आणि हिंदी चित्रपटांत बोलीचा आधारच सुटल्याने श्लेष तेवढा उरला. तेथे समीक्षकांचा आक्षेप रास्त आहे.

१४ मार्च १९९८ रोजी दादांचे निधन झाले. त्यानंतरही 'बोट लावीन तिथं गुदगुल्या'मधील (१९७८) एक गीत २०१९ साली 'ड्रीम गर्ल' या हिंदी चित्रपटाने नव्याने वापरले, आणि २०२१ मध्ये 'पांडू' या मराठी चित्रपटाने तोच हवालदार पुन्हा उभा केला. तोपर्यंत 'सोंगाड्या'ला पन्नास वर्षे झाली होती.