काचेच्या पेटीतला सूर्य

मे महिन्यात दुपारभर कॉलेजच्या पार्किंगमध्ये उभी असलेली कार उघडून बघा. दार उघडताच गरम हवेचा झोत तोंडावर येतो, सीटवर बसवत नाही, स्टिअरिंगला हात लावता येत नाही. ऊन तर बाहेरही तेवढंच असतं. मग बंद काचांच्या आत एवढं का तापतं?

अडीचशे वर्षांपूर्वी हाच प्रश्न ओरास-बेनेडिक्ट द सोस्यूर या माणसाला पडला. तेव्हा मोटारी नव्हत्या. पण काचा लावलेल्या घोडागाड्या होत्या, खिडक्यांना तावदानं असलेल्या खोल्या होत्या, आणि त्या उन्हात जास्त तापतात हे सगळ्यांनाच माहीत होतं. सोस्यूरनं ते मोजायचं ठरवलं.

त्याचा जन्म १७ फेब्रुवारी १७४० चा, आजच्या स्वित्झर्लंडमधल्या जिनिव्हाजवळचा. घर खात्यापित्या लोकांचं, मावशीचा नवरा नावाजलेला निसर्गअभ्यासक. पोराला लहानपणापासून डोंगरांचं वेड. विसाव्या वर्षी तो शामोनीला गेला आणि माँ ब्लाँ हे आल्प्समधलं सर्वांत उंच शिखर बघून पार खुळावला. वर जायची वाट शोधून काढेल त्याला बक्षीस देईन, असं त्यानं तिथंच जाहीर करून टाकलं. आणि बाविसाव्या वर्षी गडी जिनिव्हाच्या अकादमीत प्राध्यापक झाला! त्या वयात आपण असाइनमेंटची डेडलाइन पुढं ढकलून मागत असतो.

१७६७ मध्ये त्यानं काचेच्या पाच पेट्या एकात एक ठेवल्या, त्या काळ्या लाकडावर मांडल्या आणि उन्हात धरल्या. सर्वांत आतल्या पेटीतलं तापमान ८७ अंशांच्या पुढं गेलं. आत ठेवलेली फळं चक्क शिजली. मग त्यानं डिझाइन सुधारलं. लाकडी पेटी, आतून काळ्या बुचाचं अस्तर आणि वर तीन काचा. ही पेटी १०० अंशांच्याही पुढं गेली. म्हणजे पाणी उकळेल एवढी उष्णता, तीही एक काडी न जाळता.

पण खरी कमाल पुढं आहे. डोंगरावर थंडी का असते, हे तेव्हा नीट कळलेलं नव्हतं. उंचावर ऊनच कमी कडक असतं का? १७७४ मध्ये सोस्यूर ही पेटी घेऊन क्रामाँ नावाच्या डोंगरावर चढला. बाहेरची हवा जेमतेम ६ अंश, पेटीत ८७ च्या आसपास. दुसऱ्या दिवशी सुमारे दीड हजार मीटर खाली उतरून त्यानं पुन्हा मोजलं. बाहेर २५ अंश, पेटीत मात्र जवळपास तेवढेच. म्हणजे ऊन दोन्हीकडे सारखंच होतं. वरची विरळ हवा उष्णता धरून ठेवू शकत नव्हती, इतकंच.

माँ ब्लाँचं बक्षीस लागायला २६ वर्षं गेली. १७८६ मध्ये बाल्मा आणि पाकार हे शामोनीचे दोघं वर पोचले. पुढच्याच वर्षी, ३ ऑगस्टला, सोस्यूर स्वतः १८ वाटाड्यांना घेऊन चढला. बायको खालून दुर्बिणीतून बघत होती. शिखरावर विरळ हवेत धाप लागत असताना त्यानं सेलिब्रेशन कसलं केलं, तर पाणी किती अंशांना उकळतं ते मोजलं! आभाळाचा निळेपणा मोजायचं साधनही त्याचंच, केसाच्या लांबीवरून हवेतला दमटपणा सांगणारं यंत्रही त्याचंच.

शेवट मात्र वाईट झाला. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत पैसा बुडाला, पक्षाघातानं शरीर गेलं आणि २२ जानेवारी १७९९ रोजी, ५८ व्या वर्षी, तो वारला. पुढं स्वित्झर्लंडनं त्याला २० फ्रँकच्या नोटेवर छापलं.

त्याच्या पेटीची गोष्ट मात्र तिथं संपली नाही. तिला दोन वाटा फुटल्या.

पहिली वाट काळजीची. १८२४ मध्ये फूरिये या फ्रेंच गणितज्ञानं पृथ्वी इतकी उबदार कशी, याचा विचार करताना सोस्यूरच्या पेटीचाच आधार घेतला. काच गरम हवा कोंडून ठेवते, तर वातावरणातले काही वायू जमिनीतून निघणारी उष्णता अडवतात. रीत वेगळी, परिणाम तोच. कोळसा, पेट्रोल, गॅस जाळून आपण त्या वायूंचा थर दाट करत चाललोय. पार्किंगमधल्या कारच्या काचा खाली करता येतात, पृथ्वीच्या नाही.

दुसरी वाट उपायाची, आणि ती आपल्या मुंबईतूनही जाते. विल्यम अ‍ॅडम्स या इंग्रजानं मुंबईत काच आणि आरसे वापरून उन्हावर स्वयंपाक करून दाखवला आणि १८७८ मध्ये त्यावर पुस्तकही लिहिलं. आज गच्चीवर दिसणारा सोलर हीटर म्हणजे काय? काळा पत्रा, पाण्याच्या नळ्या, वर काच. सोलर कुकर म्हणजे काय? काळे डबे, वर काच, झाकणाला आरसा. दोन्ही सोस्यूरच्या पेटीचीच पोरं!

आता थोडा हिशोब. २ किलोवॅटचा गीझर अर्धा तास चालला की १ युनिट वीज जाते. आपली बरीचशी वीज अजून कोळशावर होते, त्यामुळे एका युनिटमागे सरासरी ७०० ग्रॅमच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. १४.२ किलोचा गॅस सिलिंडर संपेपर्यंत ४० किलोहून जास्त. वजन वाढतं कसं? जळताना हवेतला ऑक्सिजन त्यात मिसळतो.

सोलर कुकरवर फोडणी होत नाही, पोळ्या होत नाहीत आणि पावसाळ्यात तो कामाचा नाही, हे मान्य. पण वरण, भात, रताळी, भाजलेले शेंगदाणे? दोन-तीन तासांत तयार, करपायची भीती नाही. ही पेटी छोटी आहे, स्वस्त आहे, बनवायला सोपी आहे, कधीतरी कुणाच्या उपयोगी पडेल, असं सोस्यूरला वाटलं होतं. कितीतरी घरांत ती आज माळ्यावर धूळ खात पडलीय. तुमच्याकडे असेल तर या रविवारी खाली काढा, आरसा पुसा आणि दहा वाजता डाळ-तांदूळ लावून गच्चीत ठेवा. एक वाजता जेवायला बसा.