लिनियसचे सुटे कागद

वहीत पाने दाबून ठेवण्याचा छंद तुमच्यापैकी पुष्कळांना आहे. हेच काम जन्मभर नेटाने करणाऱ्या कार्ल लिनियस यांची ही ओळख.

त्यांचा जन्म 23 मे 1707 रोजी स्वीडनमधील रॉशुल्ट या खेड्यात झाला. वडील पाद्री, पण बागेचे भारी वेड असलेले. मुलानेही पाद्री व्हावे अशी घरची इच्छा होती. मुलाचे मन मात्र झाडाझुडपांत. शेवटी ते वैद्यक शिकले आणि 1741 मध्ये उप्साला विद्यापीठात प्राध्यापक झाले.

त्या काळी वाळवलेल्या वनस्पती बांधीव वह्यांत चिकटवीत. एकदा वही भरली की मध्ये नवे रोप घालता येत नसे. लिनियस एका कागदावर एकच वनस्पती लावून कागद सुटे ठेवू लागले. क्रम केव्हाही बदलता येई. युक्ती साधीच, पण आजही जगभरच्या वनस्पतीसंग्रहांत हीच पद्धत आहे.

1753 साली त्यांनी सुमारे 6000 वनस्पतींना दोन शब्दी नावे देणारा ग्रंथ छापला. नेच्यांनी (फर्नने) मात्र त्यांना अडवले. फूल नाही, बी नाही, मग वर्गवारी कशी करावी? त्यांनी नेचे, शेवाळ, बुरशी यांचा एक वेगळाच ‘गुप्त’ वर्ग केला. युरोपच्या जंगलातल्या एका दणकट नेच्याला लोक नर म्हणत व नाजूक पानांच्या दुसऱ्याला मादी. लिनियस यांनी हीच नावे लॅटिनमध्ये ठेवली. वास्तविक ते दोन निराळेच नेचे आहेत, नर-मादी नव्हेत. 1834 साली शॉट यांनी ‘नर’ नेच्याला ड्रायोप्टेरिस या प्रजातीत नेले. लिनियस यांचे ‘फिलिक्स-मास’, म्हणजे नर नेचा, हे नाव मात्र पुढे तसेच चालू राहिले.

1766 मध्ये उप्सालात मोठी आग लागली. संग्रहाच्या काळजीने लिनियस यांनी हॅमरबी गावी टेकडीवर दगडी इमारत बांधली. आगीच्या भीतीने तिथे शेगडीसुद्धा ठेवली नाही. मग ओल आली, बुरशी आली, उंदीर आले!

10 जानेवारी 1778 रोजी ते वारले. पाच वर्षांनी मुलगाही गेला. पत्नी सारा लिसा यांच्यापुढे मुलींचा प्रश्न होता. 1784 मध्ये त्यांनी संग्रह विकला. घेणारा जेम्स एडवर्ड स्मिथ हा 24 वर्षांचा इंग्रज विद्यार्थी. वडिलांकडून पैसे घेऊन त्याने सुमारे 1000 गिनी मोजल्या. 26 पेट्या जहाजाने लंडनला गेल्या. स्वीडनमध्ये पुष्कळ हळहळ झाली. मला मात्र त्या माउलीला दोष द्यावासा वाटत नाही. विकण्याआधी संग्रह फुटू दिला नाही, हे काय कमी?

स्मिथ यांनी 1788 मध्ये लंडनला लिनियन सोसायटी स्थापन केली. त्यांच्या मृत्यूनंतर, 1829 साली, सोसायटीने संग्रह विकत घेतला. ते कागद, नेच्यांसकट, आज तिथल्या तळघरातील मजबूत खोलीत आहेत, आणि नावाविषयी शंका आली की अभ्यासक अजून तेच काढून पाहतात.