ढग शोधायला निघालेला माणूस

माझं गाव नातेपुते, पावसाकडे डोळे लावून बसणारं. 2019 साली आमच्या सोलापूर जिल्ह्यात कृत्रिम पावसाचा प्रयोग झाला, तेव्हा ढग शोधायला रडार होतं. या रडारमागचा माणूस म्हणजे रॉबर्ट वॉटसन-वॅट.

त्यांचा जन्म 1892 चा, स्कॉटलंडमधला. 1915 मध्ये ते ब्रिटनच्या हवामान खात्यात लागले. काम काय, तर विजेतून निघणाऱ्या रेडिओ लहरींवरून वादळ ओळखायचं आणि वैमानिकांना सावध करायचं. 26 फेब्रुवारी 1935 ला सहकारी अर्नोल्ड विल्किन्स यांच्या गणिताच्या जोरावर त्यांनी रेडिओ लहरींनी उडतं विमान टिपलं. महायुद्धात हेच तंत्र ब्रिटनच्या कामी आलं. पुढे वादळ बघायला रडार विमानाच्या नाकातच बसलं. 1973 मध्ये वॉटसन-वॅट गेले.

आजही पायलट आधी टेस्ट लावून पडद्यावरचे रंगीत पट्टे तपासतो. हवेत गेल्यावर अँटेना खाली झुकवतो. जमीन दिसली की रडार ठीक. कारण पडदा कोरा असेल तर आकाश स्वच्छ आहे की रडारच बंद, हे कसं कळणार?

तेव्हा प्रॅक्टिकलला रीडिंग शून्य आलं, तर लिहिण्याआधी वायर बघा!